ओठांवरचं बोलणं

पहिल्याच दिवशी इंद्रजीत फसला, आणि तोही माझ्यादेखत.

आमच्या शहराच्या पूर्व भागातला तो जुना यंत्रमागाचा कारखाना. माग सगळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले आणि रिकाम्या इमारतीत पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीचं ऑफिस करायचं ठरलं. अर्धं आयुष्य मी तिथं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. आता कामगारांच्या चहासाठी मालकांनी मला परत बोलावलं होतं.

इंद्रजीत टेंभुर्णीचा, कामावरचा इंजिनिअर. अक्षता आतल्या सजावटीची डिझायनर. ती पहिल्यांदा आली तेव्हा भिंतीला ड्रिल लागलेलं, कानठळ्या बसत होत्या. पिवळं हेल्मेट, ओढणीवर चुन्याची धूळ... हॉलच्या दुसऱ्या टोकाला तो स्वतःशीच पुटपुटला, "दिसायला बरी हाय, पण लई शिष्ट वाटतीय."

ड्रिल थांबलं तशी ती सरळ त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"शिष्ट नाही मी. आणि नुसती बरी पण नाही!"

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"दिसलं. माझे आप्पा इथंच माग चालवायचे. त्या खडखडाटात कोण कुणाला ऐकणार? सगळे ओठ बघून बोलायचे. डबा घेऊन यायची मी, तेव्हा शिकले."

म्हणजे आमच्या मागावरच्या सिद्धप्पाची पोर! डोळ्यांवरूनच ओळखायला हवी होती मी.

मग त्यालाही ते शिकायचंच होतं, आणि तिनं शिकवलंही. ड्रिल सुरू झालं की दोघं दोन टोकांना —

"आज निळा रंग छान दिसतोय."

"भिंतीचा?"

"भिंत पांढरी हाय की!"

ती हसायची आणि पटकन टेप उलगडून नसलेलं माप घ्यायची. मोठ्यानं बोलताना 'तुम्ही', ओठांवर मात्र 'तू'. त्यांना वाटायचं, कुणालाच कळत नाही. चहा गाळता गाळता मी सगळं वाचत होते. म्हातारीकडं कोण बघतं!

एका दुपारी फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं. त्या आवाजात तो म्हणाला, "तू मला आवडतेस, अक्षता."

तिच्या हातातली टेप सर्रकन मिटली. मशीन बंद होताच ती जवळ आली. "आता बोला."

हॉल एकदम गप्प. इंद्रजीतचा चेहरा उतरला. "ते... छताचं सामान उद्या येतंय."

"आवाजात लपून बोललेलं मी धरत नाही," ती हळूच म्हणाली. "काम संपलं की मी पुण्याला नोकरीवर चाललेय. त्याआधी आमच्यातलं एक स्थळ बघून जा, म्हणतात आप्पा. काय सांगायचंय ते त्यांना सांगा. मोठ्यानं."

त्यानंतर ड्रिल कितीही गरजलं, तरी तिचे ओठ मिटलेलेच.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. जिथं सुताचे तंतू उडायचे तिथं आता मऊ गालिचा, काचेच्या खोल्या, गार हवा. आणि एवढी शांतता, की बांगडी वाजली तरी लाज वाटावी. सिद्धप्पा पांढरं धोतर नेसून आला होता. त्या गार हवेतही इंद्रजीतला घाम फुटलेला.

"आप्पा... मला अक्षता आवडते."

"आँ?"

"मला तिच्याशी... लग्न करायचंय."

"मोठ्यानं बोला की! माग गेले ते माझे कान पण घेऊन गेले."

इंद्रजीतनं एक श्वास घेतला आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला, "मला तुमच्या अक्षताशी लग्न करायचंय!"

साहेब वळले, सुतार वळले, हार घालणारा हार धरून तसाच उभा राहिला.

"कळलं होतं की पहिल्यांदाच," सिद्धप्पा शांतपणे म्हणाला. "ओठ वाचण्यात जन्म गेला माझा."

"आप्पा! मग ओरडायला कशाला लावलंत त्यांना?"

"तो आपल्यातला नाही. उद्या चार लोक बोलतील. तेव्हा ह्याचा आवाज फुटंल का, ते बघायला नको?" मग इंद्रजीतच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "आता तिला विचार."

"आणि... तू?"

पहिल्यांदाच त्यानं तिला मोठ्यानं 'तू' म्हटलं.

ती जवळ गेली, टाचा उंचावल्या, ओठांपुढं हात धरला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. मी चष्मा सारखा केला, मान वाकडी केली... छे, काही म्हणता काही दिसेना! पलीकडं सिद्धप्पाही तशीच मान वाकडी करून बघत होता.

इंद्रजीत मात्र कानाच्या पाळीपासून लाल होत गेला... होतच गेला.