चांदवाडीतला मरगळलेला शॉवर

बादली दोन मिनिटांत भरत होती, आणि तिथेच शाल्मलीचं घोडं अडलं होतं. बादली भरते म्हणजे पाणी भरपूर येतंय. मग तेच पाणी अंगावर पडताना इतकं मरगळलेलं का? आणि गिझर चालू असूनही कोमट का?

बाथरूममधला तो परातीएवढा शॉवर दहा वर्षांच्या शाल्मलीनेच निवडला होता. चंद्रावरच्या चांदवाडी वसाहतीत पृथ्वीवरून वर्षातून एकदा मालयान येई, आणि घरटी एकच वस्तू मागवता येई. शेजाऱ्यांनी लोणच्याची बरणी मागवली, पलीकडच्यांनी तबला. शाल्मलीने आईसाठी शॉवर मागवला. आई बर्फाच्या खाणीत ड्रिल चालवायची आणि घरी येईपर्यंत तिचे खांदे लाकडासारखे ताठ व्हायचे. जाहिरातीत त्या शॉवरखाली पाणी नुसतं कोसळत होतं. जाहिरात पृथ्वीवर चित्रित केली होती, हे मायलेकींच्या डोक्यातच आलं नाही.

शॉवर बसवून दीड महिना झाला होता. आई रोज म्हणायची, "छान आहे गं." काल मात्र बाथरूमच्या दारावरून जाताना शाल्मलीला आतून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला. आई शॉवरखाली उभीच राहत नव्हती. बादली भरून घेऊन, तांब्याने कसंबसं अंगावर पाणी ओतून बाहेर येत होती, आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होती. शाल्मलीला रडूच आलं.

आज तिने तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे वसाहतीचे दुरुस्ती-रोबो, वय वर्षं बावीस. रोबो थकत नाहीत असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांची आणि तात्यांची कधी गाठ पडलेली नसावी. ते गुडघे करकरवत आले, कठड्यावर टेकले, आणि आज सकाळपासूनचं हे नववं घर आहे हे त्यांनी आधी सांगून टाकलं.

पंप बसवा, म्हणजे पाण्याला जोर येईल, असं शाल्मलीने सुचवलं. तात्यांनी मान हलवली. चंद्रावर सलग चौदा दिवस ऊन नसतं. त्या काळात साठवलेली वीज हवा, ऊब आणि गिझर यांनाच कशीबशी पुरते, पंपाला कुठून देणार? मग त्यांनी विचारलं, पृथ्वीवर तुमच्या वाईच्या घरी टाकी शॉवरच्या किती वर होती?

"दोन मीटर. इथेही तेवढीच आहे. आणि इथली टाकी तर मोठी आहे," शाल्मली म्हणाली.

टाकीच्या मोठेपणाचा इथे काही उपयोग नाही, असं तात्यांनी सांगितलं. नळातल्या पाण्याला जोर येतो तो टाकीच्या उंचीमुळे. वरच्या पाण्याचं वजन खालच्या पाण्याला रेटतं. त्या रेट्याला म्हणायचं दाब (एखाद्या जागेवर पडणारा भार). वजन येतं गुरुत्वाकर्षणामुळे (पृथ्वी किंवा चंद्र वस्तूंना आपल्याकडे ओढतात ती ओढ). चंद्राची ओढ पृथ्वीच्या जेमतेम सहावा हिस्सा आहे. म्हणून उंची तीच असली, तरी दाबही सहावा हिस्साच.

शाल्मलीने बोटांवर हिशेब केला. वाईसारखा जोर हवा असेल तर टाकी बारा मीटर वर न्यावी लागेल. तिने वर पाहिलं. टाकीच्या हातभर वर वसाहतीचा घुमट होता.

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"शॉवर चालू कर आणि दोन्ही हातांनी त्याची भोकं झाक. थोडीच उघडी ठेव," तात्या म्हणाले.

तिने स्टुलावर चढून तसं केलं. उघड्या राहिलेल्या भोकांतून धारा एकदम ताठ झाल्या आणि थेट तात्यांच्या छातीवर आदळल्या. तात्यांनी सुस्कारा टाकला आणि पुसायला फडकं शोधू लागले.

या शॉवरला दोनशे भोकं होती. ती सगळी उघडी असली की बारीक नळीतून खूप पाणी धावतं आणि नळीच्या भिंतींना घासतं. या घर्षणातच (घासल्यामुळे होणाऱ्या अडथळ्यात) होता नव्हता तो दाब खर्च होतो. भोकांपर्यंत उरतं ते नुसतं टिपकणं. थोडीच भोकं असली की पाणी कमी धावतं, घासणं कमी होतं आणि दाब शेवटपर्यंत शिल्लक राहतो.

"मग गिझरचंही तसंच असेल," शाल्मली सावकाश म्हणाली. "चमचाभर साखर पातेलंभर दुधात घातली तर गोड लागत नाही. वाटीभर दुधात घातली तर लागते."

तात्या फडकं विसरून तिच्याकडे बघत राहिले. अगदी बरोबर होतं ते. गिझर दर मिनिटाला ठरावीकच उष्णता देतो. ती साडेसात लिटर पाण्यात वाटली तर पाणी कोमट होतं, तीन लिटरमध्ये वाटली तर कढत. म्हणून शॉवर निवडायचा तो टाकीची उंची आणि गिझरची ताकद पाहून. त्याचं रूप शेवटी पाहायचं.

तात्या उठले आणि भाजीघरातून मेथीच्या वाफ्यावरची जुनी झारी घेऊन आले. तिच्या तोंडाला मोजून पंचवीस भोकं होती. आपण वर्षभर वाट पाहून मागवलेला शॉवर शाल्मलीने स्वतःच्या हातांनी उतरवला. तिला फार वाईट वाटत होतं, पण तिने पाना खाली ठेवला नाही. झारीचं तोंड बसवल्यावर तीच बादली भरायला पाच मिनिटं लागली, आणि पाण्यातून वाफा निघत होत्या.

संध्याकाळी आई आली. झारीचं ते गंजकं तोंड पाहून तिने लेकीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. रोज तीन मिनिटांत बाहेर येणारी आई आज येईना. तांब्याचा आवाजही नव्हता. शाल्मलीने घाबरून दार वाजवलं.

"थांब गं जरा," आतून आवाज आला. "खांद्यावर पडतंय."

पाच मिनिटं झाली आणि वसाहतीत माणशी मिळणारं बादलीभर पाणी संपलं, तेव्हा आई बाहेर आली. ती लालबुंद झाली होती आणि डोळेही ओले होते.

"आई, आता खरं सांग. तो मोठा शॉवर कसा होता?"

आई तिच्याजवळ बसली. "भिकार होता," ती म्हणाली. दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसल्या. हसता हसता आईने दुखणारा हात सहज उचलून लेकीच्या गळ्यात टाकला.

झोपण्यापूर्वी शाल्मलीने तात्यांना निरोप पाठवला. पुढच्या मालयानासाठी अकरा घरांनी तोच परातीएवढा शॉवर मागितला आहे, त्यांना आधी झारी दाखवा. आणि मंगळाची ओढ पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त आहे, तर तिथे वसाहत होईल तेव्हा शॉवरला किती भोकं ठेवायची?

उत्तर लगेच आलं. तात्या फार थकले होते, हिशेब तिनेच करायचा होता. शाल्मलीने वही उघडली.