काचेपलीकडचा आवाज

"बाई, मुलाला आत पाठवा. तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

काचेपलीकडून माइकवर नवा रेकॉर्डिस्ट बोलत होता. जुना रजेवर, म्हणून हा बदली आलेला.

"मूल मीच आहे!" ती म्हणाली, तेही थेट सात-आठ वर्षांच्या पोराच्या आवाजात. तो असा काही गोरामोरा झाला, की तिला हसू आवरेना.

स्टुडिओत तिला सगळे चिमणी म्हणत. तिशी उलटली तरी कार्टूनमधली निम्मी पोरं तिच्याच गळ्यातून बोलायची. या वेळचं पोर लोखंडी होतं. गॅरेजवाल्या आजीने भंगारातून घडवलेला रोबोट. आभाळात उडणारा, कोसळता पूल पेलणारा आणि ढगात वाट चुकली की "आजी गं..." म्हणून घाबरणारा.

"पूल जरा बेताने उचला हो, माझे कान फुटतील," रेकॉर्डिस्ट म्हणायचा.

"फुटू द्या की. नवे बनवून देते... भंगार पुष्कळ आहे!"

असेच दिवस मजेत चालले होते. मग एकदा त्याने मध्येच रेकॉर्डिंग थांबवलं.

"वाक्याच्या शेवटी आवाज फाटतोय."

"सर्दी आहे."

"इतके दिवस?"

ती स्टुलावर बसली.

"गाठ आहे. वाईटातली. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणतात. पिक्चर संपला की जाईन... कुणाजवळ बोलू नका हं."

"आणि तोवर पसरली तर?"

"आवाज गेल्यावर मी उरते तरी कुठे?"

त्याने मशीन बंद केलं. तिने हातापाया पडून पाहिलं, पण तो सरळ दिग्दर्शिकेकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. रोबोटचं काम दुसरीला मिळालं. दोन आवाज जुळेनात, म्हणून चिमणीचं होतं नव्हतं ते सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"डॉक्टरच्या आधी तुम्हीच माझा गळा कापलात," ती त्याच्या तोंडावर म्हणाली. तो खाली मान घालून उभा राहिला.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. श्वाससुद्धा आता गळ्याला पाडलेल्या भोकातून. "आणखी थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं," डॉक्टर तिच्या दादाला म्हणाले. ते तिनेही ऐकलं.

तो रोज संध्याकाळी यायचा. ती भिंतीकडे तोंड फिरवायची. तो बाहेर बाकावर दादाशेजारी बसायचा आणि निघून जायचा.

एकदा दादा औषधं आणायला गेला, तेव्हा तो धीर करून आत आला.

"माफ करू नका... पण मी आवाजावर भाळून येतो असं समजू नका. आवाज तर गेला. तरी पाय इकडेच वळतात. हसताना तुमचा डावा डोळा आधी मिटतो... तो परत बघायचाय मला."

तिचे ओठ हलले.

"पाणी हवंय?"

तिने मान हलवली. नाही.

"नर्सला बोलावू?"

तिने कपाळावर हात मारला. मग त्याची बाही धरून त्याला जवळ ओढलं आणि पुन्हा सावकाश ओठ हलवले. तो एकेक शब्द वेचत राहिला.

"उद्या... लवकर..." तो थबकला. "या... की ये?"

तिने ओठ नीट ताणून दाखवले.

ये.