चढावर जड होणारं स्टिअरिंग

"एजाजान गाडी बेपर्वाईन ठोकली, एवढा माका लिवन दिया," सत्यवान तारी म्हणाला. "बाकी माका काय नको."

देवबागला पर्यटकांसाठी त्याची एकच गाडी होती. आठवड्यापूर्वी आंबोलीचा घाट चढताना ती कठड्याला घासली. माणसं बचावली, एक दिवा फुटला. वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झालं, असं ड्रायव्हर एजाजचं म्हणणं होतं. सत्यवानाला ते पटत नव्हतं. रश्मी पेडणेकरनं त्याच्या मनासारखा अहवाल दिला असता, तर या किनाऱ्यावर कुणीही एजाजच्या हातात पुन्हा गाडी दिली नसती.

रश्मी कुडाळची खासगी तपासनीस. सोबत तिचा मामेभाऊ सुशांत असायचा. फोटो काढणं हे त्याचं काम, आणि सगळ्यांच्या आधी निष्कर्ष काढून मोकळं होणं हा त्याचा स्वभाव.

"दारू," गाडीची डिकी उघडताच तो कुजबुजला. "वास लपवूक अत्तर मारल्यान हा. बग, कितको घमघमाट!"

"डिकीत बसान पिता काय तो?" रश्मीनं विचारलं.

सत्यवानानं मोबाइल पुढे धरला. "चैत्रात गाडयेक ट्रॅकर लावन घेतलंय. गाडी खंय आसा, डिझेल किती जळता, सगळा हयसर दिसता. मी गाडयेत असलंय की कदी काय होणा नाय. तो गेलो की स्टिअरिंग जड! आनी बऱ्याच येळा आंबोलीत पाव तास थांबता. इचारलंय तर म्हणता, चाय पिऊक."

चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला, नर्मदाबाईंना, रश्मीनं विचारलं, "वैनी, घरात आनी कोण कोण?"

"आमी दोगाच. एक लेक आसा."

"होती," सत्यवान म्हणाला. "आमका न इचारता लगीन केल्यान. तो इषय नको."

नर्मदाबाई कपबश्या गोळा करून आत गेल्या. चहा अजून कुणी प्यालंही नव्हतं.

मालवणात लवूचं गॅरेज होतं. तो वैतागलेला होता.

"मशीन लावला की बिघाडाचो कोड एकच येता. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांक आपआपले कॉम्प्युटर. ते दोन तारांवरसून एकमेकांशी बोलतत. मधीच निरोप येवचो बंद झालो की स्टिअरिंग मदत करूचा सोडता, मगे चाक हातान वडूचा लागता. वैशाखात पयली तक्रार इली. आषाढात मी स्टिअरिंगाचो कॉम्प्युटरच बदललंय. सगळो श्रावण आंबोलीच्या पावसात गाडी धावली, एकदाय तक्रार नाय. गणपती गेले आनी परत सुरू! आनी हयसर आणली की गाडी ठणठणीत."

"पाणी शिरत असतला," सुशांत म्हणाला.

"श्रावणात आंबोलीत पाणी कमी पडता काय रे?" रश्मी म्हणाली आणि लवूकडे वळली. "ट्रॅकर कोणी बसवल्यान?"

"मीच. डिकीत, डाव्या कोपऱ्यात, चटयेखाली. एजाजाक दिसता नये म्हणान. त्याच दोन तारांक जोडलंय."

एजाज देवबागच्या जेटीवर भेटला. आठवडाभरात त्याला कुणी काम दिलं नव्हतं.

"जड होता ता चढावरच," तो म्हणाला. "उतरताना कदी नाय. आनी सोमवारी नाय. दोन-तीन सोमवार मी एकटोच पॅसेंजर घेवन गेलंय, काय्येक झाला नाय."

"डिकीत अत्तर कित्याक?"

"पॅसेंजर वासाची तक्रार करतत."

"कसल्या वासाची?"

"ताय, माजी रोजी जाता ता माका दिसता. पण मी शबुद दिलेलो आसा."

"श्रावणात तुमच्याकडे जेवणाक काय असता?"

"आमच्याकडे? रोजच्यासारखे मासे."

चौकशीत जेवणाचा काय संबंध, हे सुशांतला काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यवानाच्या अंगणात सगळे जमले. रश्मीनं डिकीची चटई उचलली. ट्रॅकरच्या जोडावरची चिकटपट्टी सुटली होती, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. बाजूला एक खवलं चिकटलं होतं.

निकाल सांगताना रश्मी पुस्तकी मराठीवर यायची, तशी ती आली.

"हे पावसाचं पाणी नाही. तसं असतं तर श्रावणात गाडी रोज अडली असती. लवूच्या दुरुस्तीनंही काही साधलं नाही, कारण नवा कॉम्प्युटर असतानाच बिघाड परतला. एजाज खोटंही बोलत नाही. खोटं बोलणारा नेमका सोमवार कशाला वगळेल? सुशांत, सोमवारी नाही आणि श्रावणात नाही, असं आपल्याकडे काय असतं?"

"मासे!" सुशांत म्हणाला. त्याचा हा पहिलाच बरोबर निष्कर्ष.

"डिकीतून बर्फातली मासळी जात होती. चढावर गाडीचं नाक वर होतं आणि पेटीतलं खारं पाणी मागच्या कोपऱ्यात उतरतं. तिथे लवूनं तारा सोलून नुसती पट्टी गुंडाळलेली. पाण्यानं तारा एकमेकींत मिळाल्या की निरोप थांबतात. आंबोलीत पेटी उतरली, जोड सुकला, की उतारावर सगळं ठीक."

लवू मान खाली घालून जोड कापायला बसला.

"म्हंजे हो एजाज चोरून मासे इकता!" सत्यवान उसळला.

"एजाजच्या घरी श्रावण पाळत नाहीत. धंदा त्याचा असता तर श्रावणातही चालला असता. पेटी निघते ती सोमवार आणि श्रावण पाळणाऱ्या घरातून. आणि तुम्ही गाडीत असलात की निघत नाही."

नर्मदाबाई दारातून पुढे आल्या.

"मीच धाडतंय. आपली लेक आकांक्षा आंबोलीत रवता. तुमका सांगूचा नाय, असो शबुद मीच एजाजाकडसून घेतलंय. त्याचा नाव बुडाला तरी त्यान तोंड उघडूक नाय. आनी मी दाराआड उबी रवान सगळा आयकत रवलंय. माका माजीच लाज वाटता."

सत्यवान काहीतरी बोलणार होता, पण रश्मीनं त्याला थांबवलं.

"ट्रॅकर नसता तर ते पाणी चटईखाली नुसतं सुकून गेलं असतं. तुम्ही एजाजवर विश्वास ठेवला असता तर गाडी कठड्याला लागली नसती. अहवालात काय लिहू?"

"खरा ता लिवा," सत्यवान म्हणाला. तो एजाजजवळ गेला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"आंबोलीत खंय रवता ती?"

एजाजनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"तुमी चालवा, काका. मी वाट दाखवतंय."

सत्यवान चाकामागे बसला. नर्मदाबाई घराचं दार तसंच उघडं टाकून मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या.