माटीकोरच्या संध्याकाळी

"जरा जाळ मिळेल का?"

मी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली दालपुरी भाजत होते. वर पाहिलं, तर पोटाशी ताशा धरून एक तरुण उभा... भुरभुर पावसानं केस ओले, डोळे मात्र हसरे.

"कशाला?"

"ताशाला थंडी वाजतेय."

"ताशाला, की ताशावाल्याला?"

"आधी ताशाला," तो म्हणाला.

न्यूयॉर्कमधल्या रिचमंड हिलच्या ओल्या हवेत ताशाचं कातडं सैल पडतंच. मी तवा उतरवला. तो शेगडीवर ताशा हळूहळू फिरवू लागला. नाव तेजनारायण, वडील गयानाहून ताशा घेऊनच आलेले, हे त्यानं न विचारताच सांगितलं. मी पीठ मळायच्या निमित्तानं त्याच्या बोटांकडे बघत होते.

"घरात बायका नाचतायत, आणि तुम्ही इथे?"

"माझा काडीमोड झालाय," मी सांगून टाकलं. "बहिणीच्या माटीकोरला मी कडेला असलेली बरी."

खरं तर मला कुणी अडवलं नव्हतं. कुजबुज ऐकण्यापेक्षा धूर बरा, असं मीच ठरवलं होतं. नाचणं मात्र सुटलं होतं, आणि त्यानं जीव तुटायचा.

त्यानं कातड्यावर काडी मारून पाहिली, ताशा खणखणला.

माटीकोर म्हणजे लग्नाआधीची माती आणणं; त्यासाठी निघताना सवाष्णी ताशाला सिंदूर लावतात. माझ्या मौसीनं ताट फिरवलं, सगळ्यांनी बोटं टेकवली. पण तेज वाजवेना. ताशा घेऊन तो सरळ माझ्यापाशी आला.

"यांचं राहिलंय."

"तिला नाही चालत रे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मग मलाही वाजवता येणार नाही," तो हळूच म्हणाला.

मौसीनं एकदा आभाळाकडे पाहिलं. मग तिनं ताट पुढे केलं. "लाव गं इंद्राणी. अंधार पडायच्या आत माती आणायचीय."

मी बोट सिंदुरात बुडवलं... आणि टिळा लागला. ताशा कडाडला, आणि ओल्या रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे मी कंबर हलवत नाचू लागले. मौसीनं चावट गाणं धरलं. मला हसू येत होतं, रडूही.

वाटेत तो वाजवता वाजवता माझ्या शेजारी आला.

"लग्न उरकलं की... माझ्याबरोबर कॉफी प्यायला याल?"

"लोक नावं ठेवतील."

"ते ठेवतीलच. तुम्हाला काय वाटतं?"

असं मला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही.

"मला यावंसं वाटतं," मी म्हणाले. "पण आज आधी पोटभर नाचू द्या."

तो हसला, आणि त्यानं लय वाढवली.