फोटोच्या पोटातली तारीख

आटपाट नगर काही नव्हतं, बदलापूरच्या अंगाची साधी सोनिवली होती. तिथं कोंडाजी नावाचा शेतकरी, त्याची बायको कौसाबाई, मुलगा अभिजीत आणि सून संजीवनी अशी चार माणसं नांदत होती. चार माणसं, चार ताटं. दोन हजार सात साल लागलं तेव्हा ताटं तीनच उरली होती, आणि त्यातलं एक जसं वाढलं तसंच परत जायचं.

अभिजीत उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात रंगाईला होता. हात कोपरापर्यंत निळे. साबण लावा, राख लावा, निळा काही जायचा नाही. आठवडाभर तिकडंच राहायचा. आदल्या वर्षी श्रावणात, शनिवारी काम सुटल्यावर निघाला तो घरी आलाच नाही. घरच्यांना वाटलं कामावर असेल, कामावरच्यांना वाटलं घरी गेला असेल. नवव्या दिवशी बारवी धरणाच्या पाण्यात सापडला. काठच्या खडकावर चपला होत्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला त्याचा कॅमेरावाला मोबाईल.

या नऊ दिवसांत गेला कुठल्या दिवशी, ते कुणालाच सांगता येईना. तिथी माहीत नाही म्हटल्यावर सर्वपित्रीला पान मांडलं. भर दुपारी, रीतीप्रमाणं. कावळा फिरकला नाही. मुंगीसुद्धा चढली नाही. फक्त पानाशेजारचा तांब्या रिकामा झाला.

आणि तेव्हापासून ते सुरू झालं.

दुपारी जेवणाची वेळ झाली, ओट्यावर ऊन पांढरंफटक पडलं, की आधी वास यायचा. ओल्या रंगाचा, कारखान्याच्या नाल्यासारखा. मग ओट्यावर ओली पावलं. चप… चप… दारापाशी येऊन थांबायची. आत कुणी येत नसे. पण संजीवनीच्या हातातला घास हातातच राही. ओठाला लागला की घसा आवळून जायचा. दुपारचं राहिलं, मग सकाळचंही राहिलं. पेजेच्या पाण्यावर वर्ष काढलं पोरीनं. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी नळ्या घातल्या, फोटो काढले, काही सापडलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

“आत्याबाई, त्यांना भूक लागलीय,” ती एकदा म्हणाली. “ते उपाशी उभे, आणि मी कशी जेवू?”

पुन्हा पितृपंधरवडा आला. या खेपेला त्याचा दिवस चुकला तर ही पोर पुढचा पंधरवडा बघत नाही, हे कौसाबाईला दिसत होतं. तिनं ट्रंकेतला मोबाईल काढला. तो केव्हाच मेला होता, पण आतलं कार्ड चालेल असं कुणीतरी सांगितलं होतं. शेवटचा फोटो ज्या दिवशी काढला तो दिवस तरी कळेल. प्रतिपदेलाच ती उल्हासनगरला गेली. तिथं बबनचं दुकान होतं, मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचं. जीन्सची सगळी पोरं त्याच्याकडंच जायची.

बबननं सतरा फोटो कम्प्युटरात घेतले. दगड, झाडं, पाणी, स्वतःचे पाय, पुन्हा पाणी. शेवटचा नुसता काळा.

“तारीख सांग रे बाबा.”

“आजची आहे, मावशी.”

“आजची? त्याला जाऊन वर्ष झालं!”

“अरे, वो ऐसाच होता है. फोटो इकडं आला की कम्प्युटर आपली तारीख मारतो.”

“मग कार्डात बघ. मूळ तिथंच असेल ना?”

बबननं डोकं खाजवलं. “कार्ड तर साफ केलं मी. सगळे करूनच घेतात. गाणी भरून दिलीत, मावशी. शंभर. पैसे नका देऊ, टेन्शन नको.” आणि फोटोंची एक सीडी तिच्या हातात ठेवली.

त्याच्यावर ओरडायचंही बळ तिच्यात नव्हतं. घरी येऊन तिनं ठरवलं, रोज पान मांडायचं. पंधरा दिवसांतला एक दिवस तरी त्याचा असेलच की. कोंडाजी म्हणाला, “अगं, माणसाला रोज मरायला लावतेस का?” ती रांधत राहिली. द्वितीया, तृतीया, चतुर्थी. रोज पान तसंच्या तसं, आणि रोज तांब्या रिकामा. नवमीला संजीवनीला भिंत धरून उठावं लागलं. एकादशीला ती उठलीच नाही.

द्वादशीला तोंडल्याची भाजी केली होती. पान मांडलं, पावलं आली, तांब्या रिकामा झाला. संजीवनी अंथरुणातून दाराकडं टक लावून होती, डोळे तेवढे जिवंत. कौसाबाईनं सीडी पदराखाली घेतली आणि अंबरनाथची वाट धरली. बुवापाड्यात अस्मिता नावाची मुलगी कम्प्युटरचा क्लास घ्यायची, हुशार म्हणून तिचं नाव होतं.

अस्मितानं सगळं ऐकून घेतलं. “आमच्यात पान-बिन नसतं, आजी. बाबासाहेबांनी सोडवलं त्यातनं. पण तारीख ती तारीख. ती काढून देते.”

“ती पुसली गं. तो बबन म्हणाला.”

“त्याला काय कळतंय, गाणी भरणाऱ्याला! ऐका. पत्राच्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो ना? पाकीट बदललं की शिक्का बदलतो. पण आत पत्रावर लिहिणाऱ्यानं घातलेली तारीख तशीच राहते. कॅमेरापण फोटोच्या पोटात तारीख लिहून ठेवतो. कॉपी केली तरी ती हलत नाही.”

तिनं दोन-चार ठिकाणी टकटक केलं. पंख्याची घरघर, बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं.

“ही बघा. सोळावा फोटो, पाण्याचा. एकवीस ऑगस्ट, दोन हजार सहा. दुपारचे चार चाळीस. वार… सोमवार.”

कौसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पंचांग तिच्या बोटांवर होतं. त्या बुधवारी पिठोरी अमावास्या. मंगळवार चतुर्दशी. सोमवार त्रयोदशी. म्हणजे उद्याच! आणि श्रावणातला सोमवार…

तिचं बोट तिथंच थांबलं. श्रावणी सोमवार अभिजीत नुसत्या पाण्यावर धरायचा, अगदी शाळेत होता तेव्हापासून. सूर्य बुडाल्यावरच सोडायचा. दुपारी कुणी कितीही आग्रह केला तरी पानाला शिवायचा नाही. पाणी तेवढं प्यायचा.

“माझा लेक उपास न सोडता गेला गं,” ती म्हणाली. “आणि मी त्याला भर दुपारी जेवायला बोलावतेय.”

अस्मितानं पुढचा, शेवटचा फोटो उघडला होता. ती सतराव्या फोटोकडं बघत होती.

“आजी… हा काळा नाहीये.”

उजळून मोठा केला तसं त्यात केळीचं पान दिसलं. वरून काढलेलं, जणू कुणी पानापुढं उभं राहून. भात, वरण, तोंडल्याची भाजी. बाजूला तांब्या. आणि ओट्याची ती कोपऱ्यात फुटलेली लादी.

“पोटातली तारीख सांग.”

“आजची आहे,” अस्मितानं पुन्हा वाचून सांगितलं. “आज दुपारी… साडेबारा. आजी, ही सीडी तुम्ही कधी केली म्हणालात?”

“प्रतिपदेला.”

अस्मितानं सीडी बाहेर काढली, ती हातात धरवेना म्हणून टेबलावर ठेवली. “घेऊन जा, आजी. आणि उद्या जे करायचंय ते करा… नक्की करा.”

दुसऱ्या दिवशी कौसाबाईनं दुपारी चूल पेटवलीच नाही. पावलं आली, दारात थांबली, गेली. कोंडाजी कुरकुरला, “पितराचं पान सांजचं मांडत नाहीत. आणि आज तर मंगळवार.”

“वार कुठलाही असू दे. त्याचा सोमवार अजून सुटलेला नाही.”

ऊन डोंगराआड गेलं तसं तिनं ओट्यावर पाट ठेवला, पान वाढलं. भात, वरण, तूप, भोपळ्याची भाजी, गूळ घातलेली खीर. पणती लावली. मग तिघं आत येऊन बसली, संजीवनीला मध्ये घेऊन. दार उघडंच. लाईट गेलेली होती, सगळ्या सोनिवलीत काळोख उतरत होता.

वास आला.

चप… चप… पावलं दाराशी थांबली नाहीत, पाटाशी गेली. पाट किंचित करकरला. मग खूप वेळ काहीच नाही. कोंडाजीचा हात कौसाबाईच्या मनगटाला इतका रुतला की तिला ओरडावंसं वाटलं. मग ओला, सावकाश आवाज. भात कालवल्याचा. एक घास. दुसरा. भुकेल्या माणसाला घाई असते, तशी घाई हळूहळू वाढत गेली…

“सावकाश रे,” कौसाबाई काळोखाला म्हणाली. “ठसका लागेल.”

आवाज थांबला. तांब्या लादीवर ठेवल्याचा टणकन आवाज झाला. पावलं उतरून गेली, दूर, ओढ्याकडं.

तिघंही हलली नाहीत. मग संजीवनीचा बारीक आवाज आला. “आत्याबाई… मला भूक लागलीय.”

पणती घेऊन बाहेर पाहिलं तर पान चाटून पुसून स्वच्छ होतं. कडेला पाच बोटं उमटली होती, निळी.

त्या रात्रीपासून संजीवनी जेवायला लागली ती लागलीच. महिन्याभरात बांगड्या मनगटावर आल्या. फाल्गुनात गावच्या अंगणवाडीत कामाला लागली. गायीला कालवड झाली, भात कधी नाही ते खंडीभर जास्त झालं. ओट्यावर ना वास, ना पाऊल. कौसाबाईनं पुन्हा कुणाला नावं ठेवली नाहीत, बबनलासुद्धा. घरावर असा दिवस तिनं लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता.

एवढंच की संजीवनीला कांद्याचा वास सहन होत नसे, माहेरापासून. आता जेवायला बसली की ती आधी अख्खा कांदा जमिनीवर ठेवते, डावी मूठ आवळून एका दणक्यात फोडते, आणि मधला कोंब काढून बाजूला ठेवते. हे तिला कुणी शिकवलं नाही. त्या घरात तसा कांदा एकच जण फोडायचा, आणि तो हे सगळं कारखान्यातल्या डब्यावर शिकला होता, लग्नाच्याही आधी.

कोंडाजी ताटावरून मान वर करत नाही. कौसाबाई मात्र बघते, आणि भाताचा डाव पुढं करते.

“अजून घे,” म्हणते. “पोटभर जेव.”