हँडल हलकं लागलं की

बसा रे पोरांनो, दिवे येईपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही. चंदूने स्वतः माझ्या घरी रडत रडत सांगितलेली.

शहाण्णव सालचा अठरा फेब्रुवारी. रविवार, अमावास्या. कोपरच्या खाडीकाठी तीन देशांच्या फौजांचा सराव चाललेला. तंबूंमध्ये फोनच्या तारा ओढायला आम्हा तीन लाइनमनना बोलावलेलं: मी, चंदू आणि इथलाच आगरी नाथा. नाथासारखा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

फौजी फोनला एक हँडल असतं. फिरवलं की पलीकडे घंटी वाजते. तार जोडलेली असेल तर हँडल जड लागतं, तुटलेली असेल तर हलकं. आणि नियम एकच. जोडीदार तार जोडायला गेला की दुसऱ्याने फोनपासून हलायचं नाही.

पलीकडच्या छावणीची तार आम्ही खाडीच्या चिखलातून आडवी टाकलेली. माणूस मात्र बांधावरून वळसा घालून जायचा. रात्री साडेदहाला पलीकडच्या काठावर ती तुटली. नाथा खांद्याला दुसरा फोन अडकवून निघाला.

"जोडली की वाजवतो, चंदू. भरतीच्या आत परत येतो."

"जा रे बिनधास्त, मी हाय ना!"

आणि हा हरामखोर काय करतो? पाहुण्या फौजेच्या तंबूत सिनेमा लावलेला, तो बघायला उठला. घंटी वाजत राहिली तर साहेबाला कळेल, म्हणून फोनची एक तार सोडून ठेवली.

तिकडे नाथाने तार जोडली. हँडल फिरवलं. हलकं. पुन्हा फिरवलं. हलकंच. त्याला वाटलं, मध्ये चिखलात अजून कुठेतरी तुटली आहे. तार हातात धरून तो चिखलात उतरला. शोधत राहिला. आणि भरती आली.

सकाळी सापडला तेव्हा तार मुठीतच होती.

चंदूने साहेबाला सांगितलं, नाथा प्यायलेला होता, मी रात्रभर बसलो, घंटी वाजलीच नाही. त्या जबाबाच्या कागदावर खाली माझी सही आहे. दोस्ताच्या शब्दावर केली. नाथाची बायको शेवंती ओरडून सांगत होती, "त्यांनी कधी थेंब नाय घेतला हो!" माझ्याकडे बघून सांगत होती. आजही तिच्या दारावरून जाताना माझी मान खाली जाते.

तिसऱ्या रात्री सराव संपलेला. तारा गुंडाळून झालेल्या. सामानाच्या राखणीला तंबूत चंदू एकटा. टेबलावर तो फोन. त्याला तार नाही.

सव्वाबाराला घंटी वाजली.

चंदू बघत राहिला...

पुन्हा वाजली.

त्याने उचलला. आधी नुसतं पाणी. मग नाथा. शांत.

"चंदू... लायन कुठं तुटलीय रं? मना सापडत नाय."

...

"तू तिथंच बसलायस ना?"

चंदू जो धावत सुटला तो माझ्या दारात येऊन पडला. सगळं ओकला. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता शेवंतीपुढे हे बोल. तर म्हणाला, "नोकरी जाईल रे." अजून बोललेला नाही. शेवटी मीच गेलो तिच्याकडे. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

पण त्याआधी, पहाटे, मी तंबूत गेलेलो. रिसीव्हर लोंबकळत होता. फोनची पेटी कोरडी ठणठणीत, झाकणाचे स्क्रू घट्ट. मी ते खोलले.

सेल बसवतात त्या खाचेत एक निवटी होती. खाडीच्या चिखलात उड्या मारते ती मासळी.

जिवंत.