मानाजी आत

देवासहून सहाला निघालेली जीप अमझेऱ्याला चहापुरती थांबली आणि दहाच्या आत गंधवानीला पोचली. सरकारी आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली, पांढरी केबिन आठवड्यापूर्वीच क्रेनने उतरवून ठेवली होती. फाल्गुन लागला होता. मोहाची फुलं पत्र्यावर टपटप पडत होती आणि खालची माती चिकट झाली होती. विद्युल्लताने आधी दारासमोरची फुलं झाडून काढली, मग दाराला हळद-कुंकू लावलं आणि मगच पाने-पकडींची पेटी उघडली.

तिच्या नावाची देवासच्या हिंदी शाळेत इतकी ओढाताण झाली होती, की शेवटी मास्तरांनीच त्याचं 'बिजली' करून टाकलं. पुढे वीज तयार करणं हाच तिचा उद्योग झाला, तेव्हा त्या मास्तरांना मिशीला पीळ द्यायची सोय झाली.

केबिनमधलं यंत्र तसं साधं. मिथेनॉल आणि पाणी यांची वाफ एका तापलेल्या भट्टीतून जाते, तिथे तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि पुढे त्याच्यापासून वीज होते. सगळी मेख आहे ती भट्टी सुरू करण्यात. अडीचशे अंशांच्या वर गेल्याशिवाय तिच्यात वाफ सोडायची नाही. सोडल्यावरही पहिली पंधरा मिनिटं येणारा वायू कामाचा नसतो, तो चिमणीवाटे घालवून द्यायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. कुठे एखादा जोड सैल असला, की तो केबिनमध्ये साठतो. माणसाचं आधी डोकं दुखतं, मग त्याला झोप येते आणि मग उठायचं राहूनच जातं. म्हणून भट्टी पेटताना केबिनमध्ये कुणीही नको, हा पहिला नियम.

तो पाळायची रीत मात्र मानाजीची. मानाजी देवासच्या कारखान्यातला जुना फिटर. त्याचे पणजोबा संस्थानात चोपदार होते. दरबारात कोण आलं, कोण गेलं, ते खड्या आवाजात पुकारायचं हे त्यांचं काम. संस्थान गेलं, हातातली काठी गेली, पुकारणं तेवढं घराण्यात उरलं. केबिनमध्ये पाऊल टाकताना मानाजी खणखणीत हाक द्यायचा, "मानाजी आत!" बाहेर पडला की, "मानाजी बाहेर!" दोन्ही तीन-तीनदा. सुरुवातीला सगळे खो-खो हसले, मग सगळ्यांनीच ते उचललं. ज्याची 'आत' ऐकली, त्याची 'बाहेर' ऐकल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही, असं ठरूनच गेलं. चिंतामणीकाका तेवढे हाक देत नसत. मालकाने स्वतःच्याच कारखान्यात आरोळ्या ठोकायच्या म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं.

चिंतामणीकाका तिच्या बाबांचे मित्र. अकरावीत तिचं फिजिक्स गडगडलं, तेव्हा वर्षभर रोज संध्याकाळी शिकवायला ते घरी यायचे. बाबा गेल्यावर कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, नोकरीही त्यांनीच दिली. त्यांच्या शब्दापुढे तिने कधी दुसरा शब्द ठेवला नव्हता.

गेल्या श्रावणात, कारखान्यातल्या चाचणीच्या वेळी मानाजी गेला. विद्युल्लता तेव्हा स्टोअरमध्ये होती. ती धावत आली तर दार सताड उघडं होतं आणि काका पायरीवर डोकं धरून बसले होते. "हाकच दिली नाही गं त्यानं," ते म्हणाले. "तो आत आहे हे मला काय माहीत?" चौकशीच्या कागदावर तेच लिहिलं गेलं. मानाजीच्या बायकोला, भवानीबाईंना, ते सांगायला काकांनी तिलाच पाठवलं. भवानीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरात शिरतानासुद्धा हाक देत होते हो ते. त्याच दिवशी कसे विसरले?" विद्युल्लताने त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "माणूस आहे, वहिनी. विसरतो."

त्यानंतर हट्ट धरून तिने प्रत्येक केबिनच्या फरशीखाली वजनकाटा बसवून घेतला. आत किती माणसं आहेत आणि त्यांचं वजन किती, ते बाहेरच्या पडद्यावर दिसतं. आत कुणी असेल तर भट्टी पेटतच नाही.

साडेअकराला सगळे जोड तपासून ती पायरी उतरली. "विद्युल्लता बाहेर!" तिने हाक दिली आणि दार आपोआप मिटलं. चिंतामणीकाका पडद्यासमोर उभे होते. केंद्रातली अल्पना सिस्टर खुर्ची टाकून कौतुकाने बघत बसली होती. लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात बाळंतपणं करून ती कंटाळून गेली होती.

पडद्यावर आकडे आले. माणसं १. वजन ६१.

"कोई रह गया क्या अंदर, मॅडम?" अल्पनाने विचारलं.

विद्युल्लताने दार उघडून पाहिलं. चार पावलांची केबिन. भट्टी, टाकी, नळ्या. लपायचं म्हटलं तर मांजरालाही जागा नव्हती. तिने काट्याची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, आकडा शून्यावर आणला आणि दार लावलं. मिनिटभर शून्य राहिलं. मग पुन्हा माणसं १, वजन ६१.

"वायर लूज असेल, बस," काका म्हणाले. "एकदा नीट बघून ये."

ती हाक देऊन पुन्हा आत गेली. आत मोहाचा गोडसर वास कोंडला होता. फरशी साफ होती, काट्यावर काही पडलेलं नव्हतं. एका जोडाच्या नटावर तिने सवयीने पाना लावला, तर नट नुकताच कुणीतरी आवळल्यासारखा घट्ट होता. त्यावर ओठांएवढं ओलं धुकं होतं, ते तिच्यादेखत विरलं. तिने हात मागे घेतला.

ती बाहेर आली तेव्हा अल्पना खुर्चीवरून उठली होती. "मॅडम, आप गईं तो दो हो गए थे," ती म्हणाली. "अब फिर एक है."

एकसष्ट हा आकडा विद्युल्लताने आधी एकदाच वाचला होता, मानाजीच्या शवविच्छेदनाच्या कागदावर. ती तो बोलून दाखवणार नव्हती. इंजिनिअर बाईने असलं काही बोलायचं नसतं. पण काका त्या आकड्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्यावरून तिला कळलं की तो त्यांनाही पाठ आहे.

"वायरच काढून टाक," काका म्हणाले. "बारा वाजता साहेब लोक येताहेत."

"काट्याशिवाय नाही पेटवायची, काका."

"विदू, ऐक."

"नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली. "याचं नेहमीचंच आहे हे! त्या दिवशीसुद्धा तीन-तीनदा हाक देऊन आत गेला आणि बसला पाना फिरवत. थांबायचं तरी किती माणसानं?"

पत्र्यावर दोन फुलं पडल्याचा आवाज आला.

"तीन-तीनदा?" विद्युल्लताने विचारलं.

 काकांनी खिशातून रुमाल काढला आणि हातातच धरून ठेवला.

"तुम्ही ऐकली होतीत त्याची हाक."

"विकत घेणारी पार्टी समोर बसली होती, विदू. मला वाटलं, आला असेल बाहेर."

"आणि वहिनींकडे मला का पाठवलंत?"

"तुझ्यावर विश्वास ठेवला असता त्यांनी," काका म्हणाले.

इतक्या साधेपणाने म्हणाले, की तिला ते पोचायलाच वेळ लागला. मग पोचलं. अकरावीतल्या त्या संध्याकाळी, कॉलेजचा फॉर्म, बाबांच्या फोटोला दरवर्षी घातलेला हार, सगळं कुणीतरी पाठीमागून ओढून नेल्यासारखं झालं. एका बाईचा हात हातात घेऊन ती धडधडीत खोटं बोलून आली होती, आणि ते तिच्या तोंडून वदवून घेणारा माणूस घाम पुसत होता. तिला रडू आलं नाही. तिला फार राग आला.

"आज वहिनींना तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "स्वतः."

"बघू उद्या," असं म्हणून काकांनी पेटीतली पकड उचलली आणि वायर तोडायला ते केबिनमध्ये शिरले. हाक न देता. दार मिटलं.

पडद्यावरचा आकडा बदलला.

माणसं ०. वजन ०. बटण हिरवं झालं.

"साहब तो अंदर हैं ना?" अल्पना कुजबुजली.

विद्युल्लता हिरव्या बटणाकडे बघत राहिली. हाक आली नव्हती. हाक नाही म्हणजे आत कुणी नाही, कागदावर असंच तर लिहिलं होतं. क्षणभर, अगदी क्षणभर, तिचं बोट उठलं. मग ती भानावर आली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

आत भट्टीचा पंखा आपोआप सुरू झाला.

तिने लाल बटण दाबलं. पंखा थांबला नाही. भट्टीची ठिणगी टिकटिक करू लागली. तिने दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. अल्पनाही ओढायला आली, तरी हललं नाही.

"काका, हाक द्या!" ती ओरडली. "नाव घेऊन हाक द्या!"

आतून पत्र्यावर मुठी आपटल्या.

"हाक द्या!"

"चिंतामणी आत!" आवाज चिरकला होता. "चिंतामणी आत! आत!"

टिकटिक थांबली. पंखा थांबला. दार तिच्या हातात अलगद आलं आणि काका पायरीवर कोसळले. 

दार पुन्हा मिटलं. पडद्यावर १ दिसत होता.

मग रिकाम्या केबिनच्या आतून, पायरीपाशी येत येत, खड्या आणि अजिबात घाई नसलेल्या आवाजात तीन हाका आल्या.

पडदा शून्यावर गेला.

अल्पनाला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिने पदर घट्ट धरून विचारलं, "मॅडम, ये मानाजी कौन हैं?"

भट्टी त्यानंतर एकदाही अडली नाही. दोनशे साठ अंशांवर वाफ सोडली, पंधरा मिनिटं चिमणी चालली, वायू शुद्ध झाला. बाराच्या पाहुण्यांसमोर बाळंतपणाच्या खोलीतले दिवे लागले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर काका मागच्या सीटवर एका कडेला अंग चोरून बसले, शेजारी जागा सोडल्यासारखे. देवास जवळ आलं तेव्हा विद्युल्लताने शेवटचं विचारलं, "येताय माझ्याबरोबर?" त्यांनी मान हलवली, नाही. तिने त्यांना त्यांच्या फाटकाशी उतरवलं.

संध्याकाळी दिवेलागणीला ती भवानीबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. स्वतःचं खोटंही सांगितलं. भवानीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे विसरले नव्हते."

"नाही, वहिनी. विसरले नव्हते."

तेवढ्यात फोन वाजला. चिंतामणीकाकांकडच्या काकू होत्या.

"विदू, येताना तुमच्याबरोबर आणखी कुणी होतं का गं?"

"नाही, काकू. का?"

"हे तासभर दारातच उभे आहेत. पाऊल आत टाकत नाहीत. म्हणतात, तो बाहेर आल्याशिवाय कसा येऊ?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "आणि खरं सांगू? हाक मीसुद्धा ऐकली. तीनदा."